संपर्क-व्यवस्थापन प्रणाली, मुक्तस्रोत

संस्थेशी किंवा व्यवसायाशी संबंध येणाऱ्या माणसांची नावे, पत्ते आणि त्यांच्याशी वेळोवेळी झालेला व्यवहार एका ठिकाणी राखणारी, आणि जिचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) कोणालाही पाहता, बदलता व पुढे वाटता येतो अशी संगणक प्रणाली. हिच्यात नोंदीचे एकक माणूस असतो, पावती नव्हे. माणसाचे पान उघडले की त्याने दिलेली देणगी, शिबिराला लावलेली हजेरी, त्याला गेलेले पत्र आणि न पोचता परत आलेला ईमेल एकाखाली एक दिसतात.

संज्ञा व पूर्वेतिहास : विक्रेत्याच्या टेबलावरची पत्त्यांची वही संगणकावर आणणाऱ्या सुरुवातीच्या पॅकेजांत पॅट सुलिव्हन व माइक म्युनी यांचे ‘ॲक्ट!’ (१९८७) सर्वाधिक गाजले. ‘कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट’ (ग्राहकसंबंध व्यवस्थापन) किंवा सीआरएम ही संज्ञा १९९० च्या दशकात रुळली. तिचे जनकत्व कधी सीबेल सिस्टिम्स या कंपनीचे संस्थापक टॉम सीबेल यांना, तर कधी गार्टनर या सल्लागार कंपनीला दिले जाते. ती एकाच कोणाच्या नावे न लावणे अधिक सुरक्षित. स्वयंसेवी क्षेत्राला त्यातला ‘कस्टमर’ खटकला आणि त्याच्या जागी ‘कॉन्स्टिट्युअंट’ आला. याला मराठीत ‘हितसंबंधी’ असा प्रतिशब्द सुचवता येईल, पण त्याला संशयाचा वास आहे. आपल्या संस्थांच्या पत्रकांवर छापला जाणारा ‘हितचिंतक’ हा शब्द अर्थाच्या जास्त जवळ जातो.

अमेरिकेतील स्वयंसेवी संस्थांना १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ‘ईबेस’ नावाची प्रणाली फुकट मिळत असे. ती मात्र फाइलमेकर या मालकी हक्काच्या प्रणालीवर उभी होती, म्हणजे मोफत होती पण मुक्त नव्हती. पुढे तिची जबाबदारी ग्राउंडस्प्रिंग या संस्थेकडे आली. याच संस्थेत काम केलेल्या डोनाल्ड लोबो व डेव्ह ग्रीनबर्ग यांनी इतरांच्या साथीने सिव्हीसीआरएम ही स्वयंसेवी संस्थांसाठीची मुक्तस्रोत संपर्क प्रणाली उभी केली. तिची पहिली आवृत्ती २००५ मधली. सिव्हीसीआरएमला ईबेसची वंशज म्हणावे का? कोडच्या अंगाने नाही, कारण सिव्हीसीआरएम पीएचपी भाषेत व मायएसक्यूएल या विदागारावर (डेटाबेसवर) नव्याने लिहिली गेली. वारसा असलाच तर तो अनुभवाचा. सुरुवातीच्या वर्षांतील लेखनात सॅन फ्रान्सिस्को व पोलंडसोबत भारतातील प्रोग्रामरांचाही वाटा होता.

‘मुक्त’ म्हणजे किती मुक्त : छोट्या व्यवसायांकडे वळलेल्या शाखेत हा वाद अधिक चिघळला. शुगरसीआरएम ही व्यवसायांसाठीची प्रणाली २००४ मध्ये आली, तेव्हा तिचा परवाना (कोड वापरण्याच्या अटी) फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या परवान्यावर बेतलेला होता, पण कंपनीचे बोधचिन्ह पडद्यावर ठेवण्याची अट त्याला जोडलेली होती. त्याच वर्षी चेन्नईच्या ॲडव्हेंटनेट कंपनीने (आजची झोहो) तिच्या कोडवरून व्हीटायगर ही वेगळी शाखा काढली आणि दोन्ही बाजूंनी आरोप झाले. बोधचिन्हाच्या अटीमुळे ‘मुक्तस्रोत’ हे विशेषण लागू होते की नाही, यावर मते विभागली होती. शुगरसीआरएमनेच २००७ मध्ये जीपीएल या प्रचलित मुक्त परवान्याची तिसरी आवृत्ती स्वीकारल्याने हा प्रश्न तिच्यापुरता मिटला. २०१४ मध्ये कंपनीने नव्या मुक्त आवृत्त्या काढणे थांबवल्याचे जाहीर केले. तोवर स्कॉटलंडच्या सेल्सॲजिलिटी या कंपनीने त्याच कोडवरून स्वीटसीआरएम सुरू केलेली होती (२०१३). मूळ कंपनीने दार लावले तरी घर राहते, हा परवान्याचा खरा उपयोग येथे दिसतो. सिव्हीसीआरएमने आरंभापासून अफेरो परवाना धरला. बदललेली प्रणाली इंटरनेटवरून दुसऱ्याला वापरू दिली, तरी बदलांचा कोड त्याला उपलब्ध करून द्यावा लागतो, हे त्याचे वैशिष्ट्य.

रचना : सिव्हीसीआरएममध्ये संपर्क तीन प्रकारचे असतात : व्यक्ती, कुटुंब व संस्था. दोन संपर्कांमधले नाते दोन्ही टोकांनी वाचता येते; एका पानावर ‘याचा नोकरदार’ दिसला, तर दुसऱ्यावर ‘याचा मालक’ दिसतो. गट स्थिर असतात किंवा ‘स्मार्ट’. स्मार्ट गट म्हणजे जपून ठेवलेला शोध. अट पुरी करणारा माणूस त्यात आपोआप येतो व अट सुटली की गळतो. देणगी, सभासदत्व, कार्यक्रम, सामूहिक ईमेल यांसाठी स्वतंत्र घटक आहेत. दीर्घकाळ ही प्रणाली द्रुपल, जूमला किंवा वर्डप्रेस यांपैकी एखाद्या संकेतस्थळ-प्रणालीत बसवावी लागे. अलीकडे ती स्वतंत्रही चालवता येते. विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन आपल्या देणगीदारांच्या नोंदी हिच्यावर ठेवते, तर न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटने मतदारांच्या पत्रव्यवहारासाठी हिच्यावर बेतलेली ‘ब्लूबर्ड’ वापरली.

दुबार नोंदी : नावे दोनदा चढणे हे अशा प्रणालीचे मुख्य दुखणे. ते ओळखण्यासाठी गुणांचा नियम असतो : जुळणाऱ्या रकान्यांच्या गुणांची बेरीज ठरलेल्या उंबरठ्याला पोचली की नोंद दुबार असल्याची शंका घेतली जाते. समजा पहिल्या नावाला ५, आडनावाला ७, ईमेलला १० गुण आणि उंबरठा २० ठेवला, तर तिन्ही जुळल्याशिवाय (२२) शंका घेतली जात नाही. नाव व आडनाव जुळून १२ च होतात. ईमेलऐवजी मोबाइल क्रमांकावर चालणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांना हे गुण बदलूनच घ्यावे लागतात. मराठी नावे आणखी पेच घालतात. कुलकर्णी व कुळकर्णी यंत्राला दोन माणसे वाटतात. रोमन लिपीत चढवलेला ‘देशपांडे’ देवनागरीतल्या ‘देशपांडे’शी जुळत नाही. कऱ्हाडे या आडनावातला अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतावलीत) दोन वेगवेगळ्या रीतींनी टंकता येतो. डोळ्याला तो एकच दिसतो, पण काटेकोर अक्षर-तुलनेत ही दोन आडनावे ठरू शकतात. मधले नाव वडिलांचे की पतीचे, हे ठरले नसल्यास लग्नानंतर त्याच बाईची दुसरी नोंद होते. यंत्राने सुचवलेले विलीनीकरण जुन्या कार्यकर्त्याला दाखवूनच करावे. ‘ही आपल्या सदाशिव पेठेतल्या काकूंची सून’ अशी माहिती कोणत्याही रकान्यात नसते. व्यक्ती हयात नसल्याची खूण करण्याची सोय आहे. ती न केल्यास पुढच्या आवाहनाचे पत्र ‘कै.’च्या नावाने ‘सप्रेम नमस्कार’ घालत घरी जाते.

भारतीय संदर्भ : आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०जी खाली देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या संस्थांना २०२१–२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारनिहाय विवरण (नमुना १०बीडी) भरून प्रत्येकास देणगीचे १०बीई प्रमाणपत्र द्यावे लागू लागले. पॅन किंवा अन्य ओळखक्रमांक हा संपर्काच्या पानावरचा रकाना त्यामुळे ऐच्छिक उरला नाही. परदेशात घडलेल्या प्रणालीत अशी पावती तयार मिळत नाही; रकाने व साचा जोडून घ्यावे लागतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ ने माणसाची माहिती ठेवण्यासाठी त्याच्या संमतीचा प्रश्नही पुढे आणला आहे.

लघुउद्योग : येथे निव्वळ संपर्क प्रणालीपेक्षा साठा, बिले व जीएसटी सोबत असलेल्या प्रणालीला पसंती दिसते. मुंबईच्या फ्रापे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही जीपीएल परवान्याखालील प्रणाली या वर्गातली. चौकशी, संधी, दरपत्रक, ऑर्डर अशी तिच्यातली चाल असते. स्वयंसेवी संस्थांसाठीचा तिचा भाग आता वेगळा ॲप आहे. परवान्याला पैसे पडत नसले तरी सर्व्हर, बॅकअप आणि आवृत्ती बदलताना लागणारा माणूस यांचा खर्च राहतोच.