वैद्यकीय प्रतिमांकन आणि रोगनिदान

शरीर न उघडता आतल्या अवयवांची रचना, आणि काही तंत्रांत त्यांचे कार्यही, चित्ररूपाने पाहण्याच्या पद्धतींना वैद्यकीय प्रतिमांकन म्हणतात. विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, तिथून ही शाखा सुरू झाली. सीटी स्कॅनने रुग्णाच्या मेंदूचे पहिले चित्र १९७१ मध्ये लंडनमध्ये घेतले गेले. सोनोग्राफी आणि एमआरआयही विसाव्या शतकातच आले.

क्ष-किरण आणि सीटीमध्ये किरण कुठे किती अडतात ते पाहतात. त्यामुळे मोडलेले हाड किंवा न्यूमोनियाने भरून आलेले फुप्फुस चटकन दिसते. सोनोग्राफी ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनींवर चालते. पित्ताशयातला खडा ओळखू येतो तो बराचसा त्याच्या मागे पडणाऱ्या काळ्या सावलीवरून. मेंदू, मज्जारज्जू, सांध्यांतले बंध अशा मऊ ऊतींसाठी एमआरआय सरस. पक्षाघातात मात्र बहुधा आधी सीटीच करतात. रक्तवाहिनी फुटली की गुठळीने तुंबली, हे लक्षणांवरून खात्रीने कळत नाही, आणि गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावात जीवघेणे ठरते.

आनुवंशिक आजारांत प्रश्न वेगळा असतो. जनुकातला दोष चित्रात दिसत नाही. दिसतो त्याचा परिणाम, तोही सावकाश. म्हणून एकाच चित्राचा अर्थ वय आणि घराणे पाहून बदलतो. साठीतल्या माणसाच्या मूत्रपिंडात पाण्याची एखादी गाठ सापडणे नित्याचे. पण आई किंवा वडिलांना बहुपुटी मूत्रपिंडविकार (मूत्रपिंडांत अशा अनेक गाठी होण्याचा आनुवंशिक आजार) असेल, तर १५ ते ३९ वयात दोन्ही मूत्रपिंडांत मिळून अशा तीन गाठी निदानाला पुरतात. ४० ते ५९ वयात प्रत्येक मूत्रपिंडात किमान दोन लागतात. विशीतली सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून आजार नाहीच, असेही म्हणता येत नाही. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक विकारातही तेच: एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या भिंतीची जाडी प्रौढांत १५ मिलिमीटर भरली आणि त्यामागे दुसरे कारण नसले, तर निदान होते, रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकात १३ मिलिमीटरही पुरतात.

सिकलसेल आणि थॅलॅसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे निदान रक्त तपासूनच होते. चित्राचे काम त्यानंतरचे. सिकलसेल असलेल्या मुलाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांत डॉपलरवर (रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीवर) तो वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक आढळला, तर पक्षाघाताचा धोका मोठा मानून नियमित रक्त देण्याचा विचार होतो. थॅलॅसेमियात वारंवार रक्त चढवल्याने हृदयात साचलेले लोह एमआरआयवर मोजतात.

ली-फ्रॉमेनी सिंड्रोममध्ये कर्करोगाची प्रवृत्ती जन्मजात असते आणि किरणोत्साराने ती वाढण्याची भीती असते. त्यामुळे अशा व्यक्तींत दरवर्षी सर्वांगाचा एमआरआय सुचवतात आणि सीटी शक्यतो टाळतात.