लिंगर

लिंगर : आयर्लंडमधील लिमरिक शहराच्या ‘द क्रॅनबेरीज’ या बँडचे पॉप गीत. श्रेयनामावलीत डोलोरेस ओरिऑर्डन (गायिका) व नोएल होगन (गिटारवादक) ही दोन नावे आहेत. निर्माता स्टीव्हन स्ट्रीट. आयलंड रेकॉर्ड्सने फेब्रुवारी १९९३ मध्ये ते सिंगल म्हणून प्रथम बाजारात आणले आणि १९९४ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पुन्हा काढले. ‘एव्हरीबडी एल्स इज डुइंग इट, सो व्हाय कान्ट वी?’ (१९९३) या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये ते समाविष्ट आहे. फसवणूक झालेल्या, पण प्रेमातून मन निघत नसलेल्या तरुणीचे हे मनोगत आहे.

गीताचा उगम हा वादाचा विषय आहे. नोएल व माइक होगन हे भाऊ आणि ड्रमवादक फर्गल लॉलर यांनी १९८९ मध्ये लिमरिकमध्ये बँड सुरू केला, तेव्हा गायक नायल क्विन होते व बँडचे नाव ‘द क्रॅनबेरी सॉ अस’ असे होते. क्विन लवकरच बाहेर पडले. त्यांच्याच ओळखीतून ओरिऑर्डन यांचे नाव पुढे आले आणि १९९० मध्ये त्या स्वतःचा कीबोर्ड घेऊन तालमीच्या जागी हजर झाल्या. त्या दिवशी त्यांनी आपली काही गाणी म्हटली, शिवाय आयरिश गायिका शिनेड ओकॉनर यांचे ‘ट्रॉय’ हे गीत म्हटले. निघताना होगन यांनी त्यांच्या हातात एक कॅसेट दिली. तिच्यावर गिटारच्या काही स्वरसंघातांचा (कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) क्रम होता. काही दिवसांनी ओरिऑर्डन परतल्या त्या शब्द व गायनाची चाल घेऊनच. पुढे ‘लिंगर’ झाले ते हेच गीत.

या क्रमावर क्विन यांनी आधीच शब्द बांधले होते, असेही सांगितले जाते. त्यामुळे मूळ गीत क्विन यांचे आणि ओरिऑर्डन यांनी ते केवळ बदलले, असे मत काही लेखनात डोकावते. ते स्वीकारणे कठीण आहे. स्वरसंघातांचा तोच क्रम राहिला तरी शब्द आणि गायनाची चाल निराळी असेल, तर गीत निराळे ठरते. या गीताची ओळख तर पूर्णपणे त्या चालीवर आणि तिच्या उच्चारावर उभी आहे. अधिकृत श्रेयनामावलीही याच बाजूची आहे. जुन्या गायकाच्या शब्दांचा प्रश्न इतिहास म्हणून महत्त्वाचा आहे, कर्तृत्वाचा म्हणून नव्हे.

शब्दांमागील प्रसंगाबद्दल ओरिऑर्डन स्वतःच बोलल्या आहेत. सतराव्या वर्षी एका तरुण सैनिकावर त्यांचे प्रेम जडले. नृत्याच्या क्लबात त्याने त्यांच्या देखत दुसऱ्या मुलीला नाचायला बोलावले, हा तपशील त्यांच्या नंतरच्या मुलाखतीतला आहे. तो सैनिक लेबनॉनला जाणार होता, असेही म्हटले जाते. आयर्लंडचे सैनिक १९७८ पासून लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होते, हे पाहता ते असंभाव्य नाही. ओरिऑर्डन यांचा जन्म ६ सप्टेंबर १९७१ चा. त्यामुळे हा प्रसंग बहुधा १९८८-८९ च्या सुमाराचा, म्हणजे बँडमधील प्रवेशाच्या वर्ष-दीड वर्ष आधीचा मानावा लागतो. शब्दांतील जखम इतकी ताजी का वाटते, ते यावरून कळते.

सुरुवातीची ध्वनिमुद्रणे लिमरिकमधील झेरिक स्टुडिओत झाली. स्टुडिओचे मालक पिअर्स गिल्मोर हेच बँडचे पहिले व्यवस्थापक होते. ‘लिंगर’ व ‘ड्रीम्स’ ही गीते असलेल्या नमुना-टेपने लंडनच्या कंपन्यांचे लक्ष वेधले आणि आयलंडशी करार झाला. मात्र १९९१ च्या ‘अनसर्टन’ या ईपीचे (मोजक्या गीतांच्या छोट्या ध्वनिमुद्रिकेचे) समीक्षकांनी थंड स्वागत केले, गिल्मोर यांच्याशी संबंध तुटले आणि अल्बमचे आधीचे काम बाजूला ठेवावे लागले. रफ ट्रेड या ध्वनिमुद्रिका कंपनीचे जेफ ट्रॅव्हिस नवे व्यवस्थापक झाले. ‘द स्मिथ्स’ या इंग्लिश बँडच्या ध्वनिमुद्रणांमुळे नावाजलेले स्ट्रीट यांच्याकडे निर्मिती आली आणि १९९२ मध्ये डब्लिनच्या विंडमिल लेन स्टुडिओत अल्बम पुरा झाला.

स्ट्रीट यांचा मोठेपणा त्यांनी जे केले नाही त्यात अधिक आहे. रचना त्यांनी जवळजवळ तशीच ठेवली. होगन यांना तेव्हा गिटार शिकून फार काळ लोटला नव्हता. स्वरसंघात साधे, बरेचसे मोकळ्या तारांचे आहेत. ढोबळमानाने डी, ए, सी, जी असा चार स्वरसंघातांचा फेर कडव्यातही चालतो आणि धृपदातही. कडवे आणि धृपद यांत फरक पडतो तो फक्त गायनाने व वाद्यांच्या भराने. सुरुवातीस अकूस्टिक गिटार, मग तंतुवाद्यांची झालर, मग ड्रम, अशी भर हळूहळू पडत जाते. कुठेही एकदम उसळी नाही.

या फेरातील तिसरा स्वरसंघात विशेष आहे. डी हा षड्ज धरला तर सी म्हणजे कोमल निषाद. डी मेजर श्रेणीत तो बसत नाही. तो येतो मिक्सोलिडियन श्रेणीतून, आणि ही श्रेणी आयरिश लोकसंगीतात सर्रास आढळते. तिचे सात स्वर आपल्या खमाज थाटाशी जुळतात. हे साम्य स्वरांपुरतेच आहे, रागाची चलनपद्धती येथे शोधू नये. तरीही कडव्यात तक्रारीचा सूर लागतो त्याच जागी हा कोमल निषाद येतो आणि तक्रार हळवी होते, हे कान देऊन ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला चटकन उमगेल.

ओरिऑर्डन यांच्या गायनातील आवाज मोडण्याची लकब शॉन-नोस या आयरिश एकल-गायन परंपरेतून आली, असे अनेक समीक्षक लिहितात. त्यांनी स्वतः मात्र वडिलांच्या योडलिंगचा (आवाज झटकन खालून वर नेत गाण्याच्या पद्धतीचा) उल्लेख केला आहे. गावच्या चर्चमधील गायन व वादन हाही त्यांच्या घडणीचा भाग होता. गायिकेचे स्वतःचे म्हणणे येथे अधिक ग्राह्य वाटते; परंपरेचा संस्कार नाकारण्याचे मात्र कारण नाही. ‘ड्रीम्स’मध्ये ही लकब मोकळी सुटलेली आहे. ‘लिंगर’मध्ये ती शब्दांच्या शेवटी, अगदी जपून वापरली आहे. लिमरिकचे उच्चार त्यांनी पुसले नाहीत, हे त्या काळच्या पॉप गायनात उठून दिसणारे होते.

पहिल्या प्रसिद्धीला यश मिळाले नाही. ब्रिटनच्या विक्रीयादीत गीत पहिल्या पन्नासातही पोचले नाही. कलाटणी अमेरिकेत मिळाली. १९९३ मध्ये बँड तिथे इतर बँडबरोबर दौऱ्यावर असताना महाविद्यालयीन रेडिओने आणि एमटीव्हीने गीत उचलले. १९९४ च्या आरंभी ते बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकी लोकप्रियता यादीत आठव्या क्रमांकावर गेले. ब्रिटनमधील पुनःप्रसिद्धी याच लाटेवर झाली आणि गीत तेथे चौदाव्या क्रमांकापर्यंत आले. आयर्लंडमध्ये ते तिसरे होते. अल्बम ब्रिटनच्या यादीत प्रसिद्धीनंतर वर्षाहून अधिक काळाने, १९९४ मध्ये, पहिला आला. अमेरिकेत त्याच्या पन्नास लाखांहून अधिक प्रती गेल्या. आयरिश बँडला ब्रिटनची मान्यता आधी आणि अमेरिकेची नंतर मिळे, हा रूढ क्रम येथे उलटला.

मेलडी मॅकडॅनियल यांनी दिग्दर्शित केलेली कृष्णधवल चित्रफीत फ्रेंच दिग्दर्शक झाँ-ल्यूक गोदार यांच्या ‘अल्फाव्हिल’ (१९६५) या चित्रपटाच्या धाटणीवर आहे.

१९९४ च्या अखेरीस बँडचे ‘झॉम्बी’ हे गीत गाजल्यावर बँडची प्रतिमा बदलली. इंग्लंडमधील वॉरिंग्टन येथील १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरील ते संतप्त गीत आणि ‘लिंगर’ एकाच लेखणीतले आहे, याचा विसर पडतो. क्रॅनबेरीजवरील बरेचसे लेखन ‘झॉम्बी’भोवतीच फिरते आणि ‘लिंगर’ला हळुवार प्रेमगीत म्हणून दोन ओळींत उरकते. हा अन्याय आहे. बँडची बांधणी, विशेषतः होगन यांची साधी गिटार आणि ओरिऑर्डन यांनी स्वतःच्याच आवाजाचे एकावर एक चढवलेले थर, या गीतातच प्रथम पूर्णत्वाला गेली.

‘क्लिक’ (२००६) या अमेरिकी चित्रपटात ओरिऑर्डन पडद्यावर येऊन हे गीत गातात. बँडने २०१७ च्या ‘समथिंग एल्स’ या अल्बमसाठी ते आयरिश चेंबर ऑर्केस्ट्राच्या तंतुवादकांसह लिमरिक विद्यापीठात पुन्हा ध्वनिमुद्रित केले. ओरिऑर्डन यांचे १५ जानेवारी २०१८ रोजी लंडन येथे निधन झाले. उर्वरित सदस्यांनी २०१९ मध्ये ‘इन द एंड’ हा अखेरचा अल्बम काढून बँड थांबवला. अभ्यासकाने १९९३ आणि २०१७ ही दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकावीत. दुसऱ्यात आवाज खालच्या अंगाला झुकलेला आहे, तंतुवाद्ये पुढे आली आहेत, आणि चार स्वरसंघातांचा फेर तोच आहे.