छत्तिसाव्या क्रमांकाचा ‘प्रेसिडेंट’

मॅल्कम ब्रॉग्डनने ऑक्टोबर २०२५ मध्ये, वयाची तेहतीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, व्यावसायिक बास्केटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. मुंबईशी त्याचा संबंध तसा ओझरताच. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे भारतातील पहिले दोन सामने झाले, त्यांत सॅक्रामेंटो किंग्जविरुद्ध उतरलेल्या इंडियाना पेसर्सच्या संघात तो नव्याने दाखल झाला होता. पहिला सामना जादा वेळेपर्यंत ताणला जाऊन पेसर्सनी १३२-१३१ असा जिंकला आणि तो पाहायला प्रामुख्याने शाळकरी मुले बसवलेली होती. त्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना ज्याची कारकीर्द मुद्दाम सांगावी असा खेळाडू त्या दोन संघांत कोण होता, असे विचारले तर प्रस्तुत लेखक ब्रॉग्डनचेच नाव घेईल. कारण ‘खेळ की शिक्षण’ हा आपल्याकडे दहावीच्या वर्षी हमखास निघणारा वाद त्याच्या घरात कधी ‘की’ने मांडलाच गेला नसावा, असे त्याची सुरुवातीची वाटचाल पाहून वाटते.

ब्रॉग्डनचा जन्म ११ डिसेंबर १९९२ चा, अटलांटाचा. आजोळ धर्मकार्य आणि नागरी हक्कांची चळवळ यांत मुरलेले. आईचे वडील जॉन हर्स्ट ॲडम्स हे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे बिशप. १९६० च्या दशकात सिॲटलमध्ये पाद्री असताना त्यांनी तिथल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याचे नेतृत्व केले आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत मोर्चांत चालले. आई जॅन ॲडम्स मानसशास्त्राच्या प्राध्यापक, त्याही किंग ज्या मोरहाउस महाविद्यालयात शिकले तिथल्याच. दोघे थोरले भाऊ पुढे वकील झाले. आईवडील विभक्त झाल्यावर तिघांचे संगोपन प्रामुख्याने आईकडे आले. शाळकरी वयातल्या आफ्रिकेच्या प्रवासांत पाण्यासाठी चाललेली पायपीट त्याने जवळून पाहिली, आणि ते पाहणे नुसते पर्यटकाचे राहिले नाही, हे पुढे दिसले.

शालेय स्पर्धांत जॉर्जिया राज्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावर २०११ मध्ये तो व्हर्जिनिया विद्यापीठात गेला. तिथले प्रशिक्षक टोनी बेनेट यांची पद्धत प्रेक्षकांना रटाळ वाटावी अशी होती: चेंडू घाईने टाकायचा नाही, संरक्षणात पाचही जणांनी रिंगभोवतीची जागा आवळून धरायची. पहिल्याच हंगामाच्या अखेरीस ब्रॉग्डनच्या पायाला गंभीर दुखापत झाली आणि २०१२-१३ चा संपूर्ण हंगाम त्याला बाहेर बसून काढावा लागला. परतल्यावर मात्र संघाने २०१४ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठ संघांच्या गटाची स्पर्धा जिंकली, जी त्यांना १९७६ नंतर एकदाही जिंकता आली नव्हती. २०१६ मध्ये त्या कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम संरक्षक असे दोन्ही मान त्याला मिळाले. एकाच हंगामात हे दोन्ही मिळवणारा तो पहिलाच. त्याच वर्षी त्याने सार्वजनिक धोरण या विषयातली पदव्युत्तर पदवीही पूर्ण केली. इतिहासाची पदवी त्याआधीच हातात होती.

एनबीएच्या बाजारात मात्र हेच सारे त्याच्या विरोधात गेले. तिथे एकोणीस वर्षांच्या मुलातली ‘शक्यता’ विकत घेतली जाते. तेविशीतला, पाच वर्षे विद्यापीठात काढलेला, पायाची दुखापत झालेला गडी म्हणजे जे काही व्हायचे ते होऊन चुकलेला माल. जून २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, पस्तीस नावे पुकारून झाल्यावर, दुसऱ्या फेरीत, मिलवॉकी बक्सने त्याला घेतले. पहिल्या फेरीत याच संघाने दहाव्या क्रमांकावर थॉन मेकर हा उंचापुरा, कच्चा तरुण निवडला होता, यावरून त्या दिवशी कशाला काय भाव होता ते कळते.

त्याचा खेळ पाहिला तर डोळे दिपत नाहीत. बचावपटूच्या छातीला खांदा लावून तो ड्रिबल करत रिंगपाशी शिरतो, तिथे भल्याभल्यांचा तोल जातो अशा जागी दोन्ही पाय रोवून थांबतो, समोरच्याला आधी उडू देतो आणि मग चेंडू फळीला लावतो. चपळाईला आणि हातचलाखीला दाद देणाऱ्या मुंबईतल्या नागपाड्याच्या बास्केटबॉल कोर्टभोवती अशा खेळाला शिट्ट्या कमीच मिळतील, पण संघ निवडताना मुरलेला कोच त्याचे नाव आधी लिहील. पहिल्या हंगामात ७५ सामन्यांत सरासरी १०.२ गुण आणि ४.२ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला थेट कारण ठरलेले पास), एवढ्या कामगिरीवर तो २०१७ चा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. ड्राफ्टची सध्याची पद्धत १९६६ मध्ये सुरू झाल्यापासून दुसऱ्या फेरीतल्या कुणालाही हा मान मिळाला नव्हता. याच मानाचा दुसरा दावेदार जोएल एम्बीड त्याच्यापेक्षा कितीतरी भारी खेळला, हे खरेच आहे. पण दुखापतीमुळे एम्बीडचे सामने अवघे ३१ झाले, आणि रोज कामावर हजर राहणाऱ्याला बक्षीस मिळाले यात अन्याय शोधण्याचे कारण नाही.

सहकारी त्याला ‘प्रेसिडेंट’ म्हणू लागले ते याच काळात. नाव थट्टेचे, पण त्यात आदर होता: नवखा असूनही तो वडीलधाऱ्यासारखा तोलून बोलायचा. २०१८ मध्ये, माजी अमेरिकन फुटबॉलपटू ख्रिस लाँग यांच्या ‘वॉटरबॉइज’ या संस्थेला जोडून, त्याने पूर्व आफ्रिकेत विहिरी खोदण्यासाठी ‘हूप्स टू ओ’ हा उपक्रम उभा केला आणि काही सहखेळाडूंनाही त्यात ओढले. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर अटलांटाच्या मोर्चात हातात कर्णा घेऊन बोलताना त्याने आजोबांची आठवण काढली, ती ऐकणाऱ्यांना हे वळण अचानक आलेले वाटले असेल; घरची पार्श्वभूमी माहीत असणाऱ्याला वाटणार नाही.

मिलवॉकीतल्या शेवटच्या, म्हणजे २०१८-१९ च्या हंगामात त्याने मैदानी फेकींत ५०, थ्री पॉइंटरमध्ये (तीन गुणांच्या लांबच्या फेकींत) ४० आणि फ्री थ्रोमध्ये (फाउलनंतर मिळणाऱ्या फेकींत) ९० टक्के यश हा त्रिवेणी टप्पा ओलांडला. लॅरी बर्ड, स्टीव्ह नॅश, स्टीफन करी अशा मोजक्यांच्या यादीतला तो आठवा. तरीही त्याला टिकवण्याचा वाढीव खर्च बक्सने टाळला. त्याच्या बदल्यात पुढच्या ड्राफ्टमधल्या काही निवडी घेऊन त्यांनी जुलै २०१९ मध्ये त्याला इंडियानाकडे जाऊ दिले, आणि इंडियानाने चार वर्षांसाठी सुमारे साडेआठ कोटी डॉलरचा करार केला. छत्तिसाव्या क्रमांकावर घेतलेल्या खेळाडूची ही किंमत त्याच बाजाराने, तीनच वर्षांत, स्वतः ठरवली होती.