मुलींच्या फुटबॉलला घरचं मैदान उशिरा का मिळालं

विदर्भातल्या गावाला गर्दी करायला शिकवावं लागत नाही. भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात आणि वडशाच्या मंडळ्यांची नाटकं होळीपर्यंत गावोगाव फिरत राहतात. माणसं तिकीट काढून, ब्लँकेट पांघरून पहाटेपर्यंत बसतात. वऱ्हाडात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, असतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात तर एक दिवस महिलांचा असतो, बाया स्वतः जोड्या हाकतात आणि बघ्यांची झुंबड उडते. तेव्हा 'बायकांचा खेळ पाहायला खेड्यात कोण येणार' हे बोलणं शहरातल्या बैठकीत खपून जात असेल, इकडे नाही.

तरीही मुलींच्या फुटबॉल सामन्याला मैदानाच्या कडेनं माणसं थांबू लागली ती अगदी अलीकडे. त्याचं कौतुक करताना 'गाव बदललं' असं सर्रास लिहिलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. गाव बदललं असेल, पण त्याच्या आधी सामना गावात आला. तो इतकी वर्षं कुठे होता, ते बघायला हवं.

फुटबॉल या भागात आला छावणीच्या वाटेनं. कामठीला ब्रिटिशांची छावणी १८२१ ची. गोऱ्या शिपायांचा खेळ आधी छावणीबाहेरच्या मोहल्ल्यांत उतरला आणि तिथं इतका मुरला की आजही कामठी म्हटलं की रब्बानी क्लबचं नाव निघतं. नागपुरात गिरण्या, रेल्वे, शाळा-कॉलेजं यांच्या जिवावर लीग उभी राहिली. खेड्यांकडे चेंडू गेला तो रेल्वेच्या आणि कोळसा खाणींच्या वसाहतींतून. हा सगळा पुरुषांचा कारभार. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९१४ पासून वऱ्हाडात व्यायामाची गोडी लावली, १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन कबड्डीसारखे देशी खेळ करून दाखवले. त्या वातावरणामुळे मुलींना मैदानावर यायला वाट मिळाली, पण मैदानावर त्यांच्या वाट्याला खो-खो, कबड्डी आणि लेझीम. फुटबॉल पोट्ट्यांचाच राहिला.

यात विदर्भ काही वेगळा नव्हता. इंग्लंडात पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रेस्टन गावातल्या कारखान्यात दारूगोळा बनवणाऱ्या बायांनी 'डिक, कर लेडीज' हा संघ काढला. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. वर्ष उलटायच्या आत, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांचे सामने घ्यायला मनाई केली. फुटबॉल बायकांना सोसत नाही, असं कारण दिलं. ही मनाई उठायला १९७१ उजाडलं. लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच की त्यांना खेळायला कोणी बंदी केली नव्हती, मैदान काढून घेतलं होतं. प्रेक्षक आपोआप गेला.

भारतात मैदान काढून घ्यायची वेळच आली नाही, कारण ते दिलंच नव्हतं. १९७५ मध्ये महिला फुटबॉलचा स्वतंत्र महासंघ स्थापन झाला आणि त्याच वर्षी लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. खेळाचा दर्जा वाईट नव्हता. १९८० ला कालिकतमध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता होता, १९८३ ला पुन्हा. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलपटूला मिळालेला हा पहिलाच. नंतर नव्वदच्या दशकात कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे गेला आणि हळूहळू सगळं थंडावलं. २००९ मध्ये तर दीड वर्ष एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यानं भारतीय महिला संघाचं नाव फिफाच्या क्रमवारीतून बाहेर पडलं. मणिपूरच्या बेंबेम देवी यांच्यासारख्या खेळाडू त्या काळातही खेळत होत्या, पण त्यांचा खेळ पाहिलेली माणसं मराठी मुलखात किती निघतील?

या सगळ्या काळात मुलींच्या फुटबॉलचा एक ठरलेला साचा होता. मुली निवडायच्या, रेल्वेत बसवायच्या, कुठल्यातरी शहरात आठ-दहा दिवस एकामागून एक सामने खेळवायचे आणि परत आणायचे. शाळेतही तेच. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या, आणि संघ जिंकत गेला की गावापासून लांब लांब जात राहणार. जितका चांगला खेळ तितका तो गावापासून दूर. मुलगी राज्यावर खेळून आली हे गावाला कळायचं ते शाळेच्या फळ्यावरून, नाहीतर पेपरातल्या चार ओळींवरून. दहावीला क्रीडा गुण मिळायचे, सरकारी नोकरीत खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाची आशा असायची. घरचे त्यासाठी परवानगीही द्यायचे. पण तिला खेळताना पाहिलंय म्हणणारा घरात एकही नसायचा. सुब्रोतो कप ही देशातली सर्वांत मोठी शालेय स्पर्धा १९६० पासूनची, आणि तिथंही मुलींचा गट सुरू व्हायला २०१२ उजाडलं.

२०१६-१७ मध्ये इंडियन विमेन्स लीग ही मुलींची राष्ट्रीय लीग सुरू झाली, तीही याच साच्यात. पहिली अंतिम फेरी पूर्ण दिल्लीत. पुढे शिलाँग, लुधियाना, बंगळुरू, ओडिशा, अहमदाबाद. कोल्हापूरचं उदाहरण घ्या. पेठापेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियम ओसंडून वाहतं असं ते गाव. त्या गावाचा मुलींचा संघ, कोल्हापूर सिटी, राष्ट्रीय लीगमध्ये उतरला तेव्हा सामने लुधियानाला होते. अख्ख्या महाराष्ट्रात फुटबॉलसाठी भांडायला उठणारे लोक जिथं आहेत, तिथल्या मुलींना स्वतःच्या गावचा एक प्रेक्षक मिळू नये! याला लीग म्हणायचं तर म्हणा, मी स्पर्धाच म्हणेन. लीगमध्ये एक सामना तुमच्याकडे आणि एक आमच्याकडे, हे साधं व्यवहाराचं गणित असतं. ते गणित राष्ट्रीय लीगमध्ये पहिल्यांदा २०२३-२४ च्या हंगामात आलं. सात संघ, प्रत्येकाचे बारा सामने, त्यातले सहा घरच्या मैदानावर. त्या वर्षी ओडिशा एफसीनं विजेतेपद घेतलं, पुढच्या वर्षी ईस्ट बंगालनं. त्या ईस्ट बंगालच्या संघात निजामाबाद जिल्ह्यातून आलेली सौम्या गुगुलोथ होती. निजामाबाद म्हणजे आपल्याला काही परदेश नाही, नांदेड ओलांडलं की आलंच.

विदर्भात मात्र घरच्या मैदानाची कल्पना याआधीच एका वेगळ्या दारानं आली होती, आणि तिचा लीगशी संबंध नव्हता. २००१ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारणारी पोरं पाहिली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. पुढे त्याचं 'स्लम सॉकर' झालं, नागपूरजवळ बोखाऱ्याला केंद्र उभं राहिलं, २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. पुरस्काराची आणि नंतर आलेल्या चित्रपटाची चर्चा खूप झाली. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती साधी रीत: वस्तीला स्टेडियममध्ये न्यायचं नाही, फुटबॉल वस्तीत न्यायचा. मैदान लहान, खेळाडू कमी, वेळ थोडा. आया उंबऱ्यातून बघू शकतात म्हटल्यावर मुली आल्या. खेड्यांत आज मुलींचे जे सात-सातचे सामने होतात ते याच जातीचे आहेत. तसंही जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानात शंभर मीटर लांबी भरणं मुश्किलच, एका गोलमागे नळाची टाकी आणि दुसऱ्यामागे अंगणवाडी.

ते मैदान जवळून पाहिलं की बऱ्याच गोष्टी कळतात. विदर्भाची काळी माती पावसात बुटाला अशी चिकटते की स्टड दिसेनासे होतात आणि पाय मणाचा होतो. शालेय स्पर्धा बरोबर याच दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि भेगेत पाय गेला की घोटा गेला. म्हणून वरून मुरूम टाकतात. मुरुमावर चेंडू सरळ धावतो, पण घसरून पडलेल्या मुलीचा गुडघा सोलून निघतो. सकाळी फक्की मारून आखलेल्या रेघा दुपारच्या वाऱ्यात पुसट होतात, मग चेंडू आत की बाहेर यावर पंचाशी हुज्जत. मार्चनंतर ऊन चाळीशी ओलांडतं, सामना सकाळी सातला तरी घ्या, नाहीतर पाचनंतर. राहिले ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे चांगले दिवस, आणि नेमके तेच सोयाबीन काढणीचे आणि कापूस वेचणीचे. वेचणी बायकांच्या हातची, मजुरी किलोवर. रविवारी शाळा नसते म्हणजे मुलगी आईबरोबर पऱ्हाटीत. रविवारी सरावाला सहाच जणी का आल्या, हे कोचला विचारायची गरज नसते.

दुसरी अडचण बसची. २०११ नंतर मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी शाळेच्या बस सुरू झाल्या. त्या निळ्या बस मुलींसाठी किती मोठी गोष्ट आहेत ते बाहेरच्याला कळणार नाही. आठवीनंतर शाळा सुटायची ती त्यांच्यामुळे सुटली नाही. पण बस शाळेच्या वेळेवर. शाळा सुटली की बस सुटली, सराव करायचा कधी? त्यामुळे संघ उभे राहतात ते शाळेच्या गावातल्याच मुलींचे, नाहीतर वसतिगृहातल्या, आश्रमशाळेतल्या मुलींचे. आश्रमशाळांतून कबड्डी आणि हँडबॉल खेळून आलेली मुलगी गोलकीपर म्हणून लवकर तयार होते, अंगावर येणाऱ्याला ती बिचकत नाही.

कपड्यांचा प्रश्नही होता, आहे. हाफ पँटवर खेळायला घरचे तयार नसतात, म्हणून आत लेगिंग. 'पोट्टी चड्डीवर खेळून राहिली' हे पारावरचं बोलणं बंद झालं असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. फक्त सामना गावातच होऊ लागल्यापासून बोलणाऱ्यांतलेच काही जण सामन्यालाही येतात. आधी येतात त्या आया आणि मावश्या, डोक्यावर पदर घेऊन गोलच्या मागे बसतात. मग मुलांचा संघ, आधी टिंगल करायला. मग शाळेचे जुने विद्यार्थी. माइकवर कबड्डीचाच माणूस असतो, त्याला ऑफसाइड कळत नाही पण आवाज आहे. 'मार ना वो माय' हे तो बायकांच्या आधी ओरडतो.

गावातला खरा पाठिंबा या माइकवर मोजता येतो. कबड्डीत जुनी पद्धत आहे, चांगली चढाई केली की प्रेक्षकांतून कोणीतरी १०१ रुपये जाहीर करतो आणि नाव पुकारलं जातं. ते नाव पुकारलं जावं म्हणूनच अर्धे देतात, हेही खरं. मुलींच्या सामन्यात ही जाहीर बक्षिसं सुरू झाली की समजायचं, गावानं सामना आपला मानला. गोल करणारीला मिळतात, त्यापेक्षा जास्त अडवणारीला. प्रश्न पुढचा आहे. हे पैसे मुलीच्या हातात पडतात आणि पडायलाच हवेत. पण घरचा सामना म्हणजे पाहुण्या संघाची गाडी, दुपारचं जेवण, पंचांचा भत्ता, फक्की, प्रथमोपचार. राष्ट्रीय लीगमधले क्लबसुद्धा प्रवासखर्चाच्या नावानं ओरडतात. तालुक्याच्या पातळीवर हा खर्च आज एखादा शिक्षक, एखादा किराणा दुकानदार आणि सरपंच मिळून वर्गणीतून काढतात. ज्या वर्षी कापसाला भाव नसतो त्या वर्षी वर्गणीही नसते, आणि मग परतीचा सामना रद्द होतो.