तीन गुणांचा फरक: कॅल्डर करंडकाचं अंकगणित

मॉन्ट्रियलचा बचावपटू लेन हटसन: ८२ सामने, ६ गोल, ६० असिस्ट (गोलला हातभार लावणारे पास), प्रत्येकाचा एक गुण, म्हणजे ६६ गुण. सॅन होजेचा सेंटर, म्हणजे मधला आघाडीवीर, मॅकलिन सेलेब्रिनी: ७० सामने, २५ गोल, ३८ असिस्ट, म्हणजे ६३ गुण. कॅलगरीचा गोलरक्षक डस्टिन वुल्फ: ५३ सामने, २९ विजय, अडवलेल्या शॉटचं प्रमाण ०.९१०. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये सर्वोत्तम नवोदिताला कॅल्डर करंडक मिळतो. २०२४-२५ च्या हंगामात त्यासाठी अंतिम तिघांत ही नावं होती आणि करंडक हटसनकडे गेला. तो योग्य माणसाकडे गेला का, हे तपासायला थोडं संख्याशास्त्र लागतं.

आधी ‘नवोदित’ म्हणजे कोण ते पाहू. आधीच्या कोणत्याही एका हंगामात २५ पेक्षा जास्त सामने खेळलेले नसावेत, आधीच्या कोणत्याही दोन हंगामांत प्रत्येकी सहा किंवा अधिक सामने झालेले नसावेत, आणि हंगामाच्या १५ सप्टेंबरला वय २६ च्या वर नसावं. वुल्फ यापूर्वी एका हंगामात १ आणि पुढच्यात १७ सामने खेळला होता, म्हणून तो बसला. वयाची अट नंतर आली. १९९० मध्ये सोव्हिएत संघातून आलेल्या सर्गेई माकारोवला ३१ व्या वर्षी हा करंडक मिळाला, तेव्हा सगळ्यांच्या भुवया उंचावल्या आणि नियम बदलला. प्लेऑफचे, म्हणजे हंगामाच्या शेवटी होणाऱ्या बाद फेऱ्यांचे, सामने मात्र या हिशेबात येत नाहीत. त्यामुळेच केन ड्रायडन १९७१ च्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि १९७२ मध्ये सर्वोत्तम ‘नवोदित’ही!

आता ६६ विरुद्ध ६३. मोजून आलेल्या आकड्यात नशिबाचा वाटा किती, याचा ढोबळ अंदाज त्या आकड्याच्या वर्गमूळावरून येतो. ६४ चं वर्गमूळ ८. म्हणजे तोच खेळाडू, तेवढ्याच कौशल्याने तोच हंगाम पुन्हा खेळला, तर ५६ ते ७२ मधला कुठलाही आकडा आला तरी नवल नाही. पक (हॉकीची रबरी चकती) खांबाला लागून बाहेर गेली की आत, एवढ्यावरही हे आकडे हलतात. दोघांच्या फरकातली अनिश्चितता काढायची तर दोन्ही आकड्यांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं: १२९ चं वर्गमूळ, सुमारे ११. त्यापुढे ३ गुणांचा फरक म्हणजे काहीच नाही.

मग दर सामन्यामागे पाहावं, असं सेलेब्रिनीचे पाठीराखे म्हणतात. त्याचे ०.९०, हटसनचे ०.८०, ८२ सामन्यांना सेलेब्रिनीचे ७४ गुण झाले असते. इथेच पाय घसरतो. न खेळलेल्या सामन्यांचे गुण संघाच्या खात्यात कधीच जमा झाले नव्हते. हा वाद २०१५-१६ मध्येही रंगला होता. कॉनर मॅकडेविडने ४५ सामन्यांत ४८ गुण केले, पण कॉलरबोन मोडल्याने ३७ सामने हुकले. आर्तेमी पानारिनने ८० सामन्यांत ७७ केले आणि करंडक नेला. अर्थात, गैरहजेरीत खेळाडूची जागा रिकामी राहत नाही, तिथे बदली माणूस येतो. समजा, तो बदली आघाडीवीर दर सामन्याला ०.३ गुण करतो. सेलेब्रिनीच्या हुकलेल्या १२ सामन्यांत त्याचे साधारण ४ होतील. ६३ अधिक ४, म्हणजे ६७. हटसनच्या ६६ शी बरोबरीच!

पण हटसन बचावपटू आहे आणि तराजू कलतो तो इथे. आघाडीवीराकडून गुणांची अपेक्षाच असते, बचावपटूकडून आधी गोल रोखण्याची. नवोदित बचावपटूचा ६० असिस्टचा विक्रम लॅरी मर्फीने १९८०-८१ मध्ये केला होता. हटसनने त्याची बरोबरी केली. मात्र त्या काळी एका सामन्यात दोन्ही संघ मिळून सरासरी ७.७ गोल होत, आता साधारण ६.१ होतात. मर्फीचे ८० सामन्यांतले ६० असिस्ट आजच्या मापाने, ८२ सामन्यांना, ४९ च्या आसपास भरतात. आकडा सारखा असला, तरी हटसनचं काम बरंच अवघड होतं. शिवाय तो सरासरी साडेबावीस मिनिटांहून अधिक बर्फावर असे. (एका गोलला दोन असिस्ट मिळू शकतात, त्यामुळे शेवटून दुसरा पास कितपत मोलाचा होता हे व्हिडिओ पाहूनच कळतं. इथे आकडे मुके आहेत.)

सेलेब्रिनीविरुद्ध एक आकडा हमखास पुढे केला जातो: प्लस-मायनस उणे ३१. हा आकडा मी तरी बाजूला ठेवेन. तुम्ही बर्फावर असताना तुमच्या संघाने गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक. पण पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसलेला असताना, केलेला गोल जमेला धरत नाहीत. त्यात सॅन होजे त्या वर्षी गुणतक्त्यात तळाला. हरणारा संघ शेवटच्या मिनिटांत गोलरक्षक काढून जादा खेळाडू उतरवतो, तेव्हा साहजिकच आपले सर्वांत चांगले खेळाडू बर्फावर ठेवतो. रिकाम्या जाळ्यात गेलेला प्रत्येक गोल मग त्यांच्याच नावावर उणे. वर्षभरापूर्वी कॉनर बेडार्ड उणे ४४ असूनही कॅल्डर जिंकला, ते बरोबरच झालं.

सर्वांत कठीण काम वुल्फला मोजण्याचं. समजा, त्याच्यावर १५०० शॉट आले. ०.९१ गुणिले ०.०९, भागिले १५००, त्याचं वर्गमूळ: साधारण ०.००७. लीगची सरासरी ०.९०० च्या आसपास. म्हणजे वुल्फची आघाडी ०.०१० ची आणि नशिबाची मर्यादा ०.००७. तो सरासरीपेक्षा चांगला असावा असं वाटतं, पण एका हंगामावर ते छातीठोकपणे सांगता येत नाही. अपेक्षित गोलांची पद्धत थोडी मदत करते. शॉट किती अंतरावरून, कोणत्या कोनातून आला, आधीचा शॉट अडल्यावर उसळलेल्या पकवर होता का, हे पाहून प्रत्येक शॉटची गोल होण्याची शक्यता ठरवतात आणि गोलरक्षकाने त्यातले किती वाचवले ते मोजतात. डोळ्यांसमोर दोन खेळाडू आडवे आल्याने पक दिसलीच नाही, ही गोष्ट मात्र त्यात बहुधा सुटते.

मत देणारे हॉकी पत्रकार पाच नावं क्रमाने लिहितात. त्यांना १०, ७, ५, ३, १ असे गुण मिळतात. पहिल्या-दुसऱ्यात तीनचं अंतर, दुसऱ्या-तिसऱ्यात दोनचंच. वरच्या हिशेबाने माझा क्रम हटसन, सेलेब्रिनी, वुल्फ. पहिल्या नावाबद्दल मला फारशी शंका नाही. पुढच्या दोघांची अदलाबदल कुणी केली, तर मी भांडणार नाही.