काचेत स्फटिक असूनही ती आरपार कशी दिसते? जरा मागचा इतिहास

कराडजवळचं ओगलेवाडी म्हटलं की सातारा-सांगलीकडच्या जुन्या माणसांना प्रभाकर कंदील आठवतोच, १९१६ साली ओगले बंधूंनी तिथं काच कारखाना काढला. काचेच्या धंद्यात एक गोष्ट सगळीकडे सारखीच, गरम काच नको त्या टेंपरेचरला जास्त वेळ राहिली तर आत स्फटिक धरतात, काच पांढरट पडते आणि माल वाया. पण आज दुर्बिणीच्या आरशात आणि २०२० च्या आयफोन १२ पासून फोनच्या स्क्रीनवरही जी ग्लास-सिरॅमिक असते तिच्यात हे स्फटिक मुद्दाम धरवलेले असतात.

मुद्दाम धरवायचा पहिला मोठा प्रयत्न फ्रान्सच्या रेओमूर या शास्त्रज्ञाचा, १७३९ चा. काचेच्या बाटल्या वाळू-जिप्सममध्ये पुरून बरेच दिवस तापवल्या, पोर्सेलिनसारखा पांढरा माल निघाला पण मजबूत नव्हता, कारण स्फटिक बाहेरच्या पृष्ठभागावरून आत वाढत गेलेले. पुढं थेट १९५३, अमेरिकेत काच बनवणाऱ्या कॉर्निंग कंपनीत स्टूकी या शास्त्रज्ञाची भट्टी ६०० डिग्रीऐवजी ९०० पर्यंत गेली, त्याला वाटलं आत सगळा चिखल झाला असणार, तर पांढरी प्लेट निघाली, ती चिमट्यातून निसटून खाली पडली आणि फुटलीच नाही! त्या काचेत चांदीचे बारीक कण होते, त्यांच्याभोवती आतूनच असंख्य छोटे स्फटिक धरले होते. १९५८ ला त्याच संशोधनातून भांडी बाजारात आली, तीही पांढरीच.

मग आरपार कशी करायची? स्फटिकांवर प्रकाश विखुरतो म्हणून तर काच पांढरी दिसते, तेव्हा इथं प्रकाश विखुरण्याचं शास्त्र कामाला आलं, आणि मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. १८७१ ला रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं दाखवलं होतं की प्रकाशाच्या लाटेच्या लांबीपेक्षा खूप लहान कण असेल तर त्याची साइझ दुप्पट झाल्यावर विखुरणं ६४ पट होतं, आणि निळा प्रकाश तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतो. आपल्या रामननीही १९२७ मध्ये, म्हणजे रामन इफेक्टच्या एकच वर्ष आधी, काचेसारख्या पदार्थांमधून प्रकाश कसा विखुरतो यावर पेपर लिहिला होता, हे फार कमी लोकांना माहितीय. काच नुसत्या डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसली तरी ती आतून अगदी एकसारखी नसते, आणि ते तिच्यातून विखुरणाऱ्या प्रकाशात कळतं.

म्हणजे हीच गोष्ट उलटी वापरता येते, काच न फोडता तिच्यात प्रकाश सोडायचा, वेगवेगळ्या कोनांतून किती विखुरतो ते मोजायचं आणि त्यावरून आतल्या कणांच्या साइझचा हिशोब लावायचा. कॉर्निंगच्याच मॉरर यांनी १९६२ मध्ये टायटॅनिया (टायटॅनियमचं ऑक्साइड) घातलेल्या काचेत स्फटिक कसे जन्मतात ते असंच पाहिलं. (हेच मॉरर १९७० मध्ये प्रकाश कमी वाया घालवणारी ऑप्टिकल फायबर बनवणाऱ्या तिघांपैकी एक, तिथंही शत्रू विखुरणंच.) मग १९६८ ला जर्मनीच्या शॉट कंपनीनं झेरोडूर नावाची दुर्बिणीच्या आरशांची ग्लास-सिरॅमिक आणली आणि १९६९ ला बील आणि ड्यूक यांनी पारदर्शक ग्लास-सिरॅमिकचे नियम मांडले, स्फटिक खूप बारीक ठेवा नाहीतर स्फटिक आणि काच दोघांचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवतात तो आकडा) जवळजवळ सारखा ठेवा.

आता खरी गंमत. झेरोडूरमध्ये वजनानं ७० ते ७८ टक्के स्फटिक असतात, साधारण ३० ते ५० नॅनोमीटरचे. एवढ्या दाटीत प्रत्येक स्फटिक एकेकटा धरून रॅलेच्या हिशोबानं बेरीज केली तर उत्तर चुकतं, कारण कण इतके जवळजवळ असतात की एकाकडून विखुरलेल्या लाटा शेजारच्या कणाच्या लाटांना बऱ्याच अंशी खोडून टाकतात, म्हणून अशी काच एकेकट्या कणांच्या हिशोबापेक्षा जास्त स्वच्छ निघते. २००२ मध्ये हेंडी या शास्त्रज्ञानं तर दाखवलं की अशा काचेत विखुरणं प्रकाशाच्या लाटेच्या लांबीच्या, रॅलेच्या हिशोबासारखं चौथ्या नाही, आठव्या घाताच्या उलट प्रमाणात जाऊ शकतं. म्हणून नुसती साइझ मोजून भागत नाही, कण एकमेकांपासून किती लांब आहेत आणि कसे मांडलेत तेही त्याच विखुरलेल्या प्रकाशातून काढावं लागतं.