सरण मोफत, मग खर्च कुठे? कोल्हापुरातल्या अंत्यविधीच्या खर्चाची पार्श्वभूमी

कोल्हापूर शहरात कुणी गेलं तर पंचगंगा स्मशानभूमीत दहनासाठी महापालिका पैसे घेत नाही. शेणी (गोवऱ्या) आणि लाकूड तिथेच मिळतं. ज्याला द्यायचं असेल तो दानपेटीत टाकतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं, कारण अनेक शहरांत लाकडाच्या वजनापासूनच हिशेब सुरू होतो. तरीही तेराव्यानंतर घरात वही उघडली की खर्चाचा आकडा लहान नसतो. हा खर्च कुठून उगवतो आणि त्यात दाद कुठे मागता येते, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

जुन्या गावगाड्यात मयताला ‘दर’ नव्हता. मडकं कुंभार द्यायचा, डोकी न्हावी भादरायचा, लाकूडफाटा आणण्याचं आणि गावोगाव सांगावा पोचवण्याचं काम महार समाजावर लादलेलं होतं, आणि जोशी विधी सांगायचा. मोबदला सुगीला धान्याच्या रूपात, बलुतं म्हणून. रोख फक्त कापड, कापूर अशा बाजारच्या वस्तूंना. म्हणजे किंमत होतीच. ती वर्षभरात विरघळलेली होती आणि तिचा मोठा भार ज्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती त्यांच्या अंगावर होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात महार वतन, म्हणजे जमिनीच्या बदल्यात पिढीजात लादलेली सेवा, रद्द केलं. सक्तीच्या फुकट सेवेला त्यातून पहिला मोठा धक्का बसला.

पुरोहिताच्या दक्षिणेची गोष्ट वेगळी आणि जास्त भांडणाची. परंपरागत जोशाला न बोलावता दुसऱ्याकडून किंवा स्वतःच विधी उरकला तरी जोशी हक्काची दक्षिणा मागायचा, प्रसंगी कोर्टात जायचा. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना विधींचा आग्रह धरला. कोल्हापुरात वेदोक्त प्रकरणानंतर (छत्रपतींच्या घरचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिल्याचा वाद) हा प्रश्न थेट राजवाड्यापर्यंत गेला आणि १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरूंचं, पीठ उभं राहिलं. मुंबई इलाख्यात १९२६ मध्ये कायदाच झाला: ज्याला बोलावलं नाही, ज्याच्याकडून सेवा घेतली नाही, त्या पुरोहिताला वंशपरंपरेच्या हक्काने दक्षिणा मागता येणार नाही. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं. १ मार्च १९४९ ला ते मुंबई राज्यात विलीन झालं आणि मग मुंबईचे कायदे इथेही लागू होत गेले. ग्राहक हा शब्द रुळायच्या कितीतरी आधी ‘न घेतलेल्या सेवेचे पैसे नाहीत’ हे तत्त्व आपल्याकडे मर्तिकाच्याच भांडणातून कायद्यात आलं, याची आठवण क्वचितच काढली जाते.

तिसरा धागा नगरपालिकेचा. कोल्हापूर नगरपालिका १२ ऑक्टोबर १८५४ ची, महापालिका १५ डिसेंबर १९७२ ची. महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या बंधनकारक कर्तव्यांत मृतांच्या विल्हेवाटीच्या जागा राखणं येतं. दहन मोफत करणं हे मात्र कायद्याने बांधलेलं नाही. तो कोल्हापूरचा निर्णय, आणि तो टिकला लोकांच्या शेणींवर. होळीला ढीग लहान ठेवून उरलेल्या शेणी स्मशानभूमीला द्यायची रीत इथल्या तालमी, मंडळं आणि शाळकरी पोरांनी उचलून धरली. वेळही नेमकी आहे. फाल्गुनात शेणी कडक वाळलेल्या असतात, त्या पावसाळ्याआधी आत रचल्या की पुढे कामाला येतात. ओल धरलेली शेणी धूर करते, धग धरत नाही आणि दहन लांबतं. निव्वळ लाकडावर एका दहनाला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं. शेणींमुळे हा आकडा बराच खाली येतो.

आता खर्च खरोखर कुठे होतो ते पाहू. पहिला टप्पा दवाखान्याच्या दारातला. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवायचा अधिकार रुग्णालयाला नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत मृतदेह ताब्यात मिळण्याचा हक्क स्पष्ट नोंदलेला आहे. थकबाकी वसूल करायला त्यांना दिवाणी मार्ग मोकळा असतो. त्या घाईत नातेवाईक सह्या करत सुटतात आणि बाबवार बिल मागायचं राहून जातं. नंतर औषधं, व्हेंटिलेटरचे तास, शवागाराचे दिवस यांचा ताळा लागत नाही. शवागारात किती तास ठेवलं याची नोंद त्याच वेळी लिहून घ्यावी.

मृत्यूचं कारण सांगणाऱ्या डॉक्टरी दाखल्याला फी नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १० मध्येच तसं म्हटलं आहे. रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा नमुना ४-अ. घरच्या मृत्यूत इथेच गाडी अडते. ज्याने पेशंट तपासलेलाच नाही असा डॉक्टर दाखला द्यायला कचरतो, आणि त्याचं चुकतही नाही. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल तर नेहमीच्या डॉक्टरांना अधूनमधून घरी बोलावून तपासणीचे कागद जपावेत. अपघात, विषबाधा, गळफास किंवा संशय असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन चुकत नाही. ते टाळून थेट स्मशान गाठण्याचा सल्ला देणारे भावकीत असतातच. विम्याच्या दाव्याच्या वेळी मात्र ते कुठे दिसत नाहीत.

दुसरा टप्पा गाडीचा. १०८ ची रुग्णवाहिका मृतदेह नेत नाही. महापालिकेच्या शववाहिकेला आधी फोन करावा, ती मोकळी नसेल तरच खासगी गाडी पाहावी. खासगी गाडीत घोळ होतो तो बोलण्यातल्या मोघमपणामुळे. “जाऊन येऊन” म्हणजे रिकामी परत येण्याचं भाडं धरून की वेगळं? थांबण्याचा दर तासाला किती, आणि पहिला तास मोफत आहे का? मृतदेह उचलायला माणसं गाडीवाल्याची की आपली? पुण्या-मुंबईहून गावी आणायचं असेल तर टोल कोणाकडे? हे मेसेजवर लिहून घ्यायला दोन मिनिटं लागतात. शीतशवपेटी भाड्याने घेतली तर ‘एक दिवस’ म्हणजे २४ तास की रात्री १२ ला दिवस बदलतो, आणि अनामत कधी परत, एवढं विचारावंच. मुलगा परदेशातून यायचा असला की ही पेटी दोन दोन दिवस घरात राहते आणि वाद हमखास याच दिवसांवर होतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदी फुगली की पंचगंगा स्मशानभूमीत पाणी शिरतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तसंच झालं आणि दहनविधी कदमवाडी, कसबा बावडा, बापट कॅम्पकडे वळवावे लागले. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी ठरवण्याआधी स्मशानभूमी कुठली चालू आहे हे विचारलं नाही तर भाड्यात फेरा वाढतो, आणि पावसात ताटकळणं वेगळंच.

साहित्याचा खर्च तसा छोटा: दोन कळक, कामट्या, सुतळी, कडबा, मडकं, पांढरं कापड, हार, गुलाल-बुक्का, कापूर, तूप. तिरडीचं साहित्य विकणारी दुकानं हे सगळं एकत्र बांधून देतात. एकत्र घेतलं तरी प्रत्येक वस्तूचा भाव पावतीवर मागता येतो. चंदनाच्या नावाखाली साध्या लाकडाच्या ढलप्या खपवणं हा या धंद्यातला जुना डाव, म्हणून चंदन घ्यायचंच असेल तर वजनावर घ्यावं. दफन करणाऱ्या समाजांत खर्चाचं गणित निराळं, तिथे खड्डा खणणं आणि जागा या बाबी मुख्य ठरतात, आणि नियम त्या त्या समाजाच्या दफनभूमीच्या व्यवस्थापनाचे असतात.

सगळ्यात मोठा आकडा पुढच्या दिवसांत येतो. कोल्हापुरात रक्षाविसर्जन बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी असतं. पूर्वी रक्षा सरसकट पंचगंगेत जायची. आता जिल्ह्यातल्या अनेक गावांत ती शेतात किंवा नव्या झाडाच्या मुळाशी घालतात. मग दहावा, बारावा, तेरावा. मांडव, भांडी, आचारी, पाचशे पान. इथे दक्षिणा आणि जेवण दोन्ही ऐन वेळी वाढतात, कारण कुणीच आधी बोलत नाही. विधी सांगणाऱ्याला पहिल्याच भेटीत साहित्यासह किती आणि साहित्याविना किती, असं विचारण्यात अपमान काही नाही. न घेतलेल्या सेवेचे पैसे नाहीत, हे तर १९२६ चा कायदाच सांगून गेला.

एक कर नीट समजून घ्यावा. अंत्यविधी, दफन, स्मशान, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवांवर जीएसटी नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत त्या कराच्या कक्षेबाहेरच ठेवल्या आहेत. शववाहिकेच्या बिलावर जीएसटीची ओळ दिसली तर ती काढायला सांगावी. तेराव्याच्या जेवणाला मात्र ही सूट नाही. नोंदणीकृत केटरर असेल तर कर लागतो, तो आधी भावात धरला आहे का ते पाहावं.

अमेरिकेत १९८४ पासून अंत्यविधी करून देणाऱ्यांना प्रत्येक बाबीचा लेखी दर द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये २०२१ पासून ठराविक नमुन्यातलं दरपत्रक लावणं बंधनकारक आहे. आपल्याकडे असा खास नियम नाही, कारण एकच संस्था सगळं करून देते अशी पद्धतच नव्हती. खर्च पाच-सहा जणांत वाटलेला आणि एकाही टप्प्यावर पूर्ण बिल नाही. त्यामुळे सामान्य ग्राहक कायद्यावरच भागवावं लागतं. पहिला कायदा १९८६ चा, सध्याचा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू.

या कायद्यात एक मेख आहे. मोफत सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. म्हणजे पंचगंगेवर शेणी ओल्या मिळाल्या तर ग्राहक आयोगात जाता येत नाही, आणि घरपट्टी भरतो म्हणजे त्या सेवेचे पैसे दिले असंही धरलं जात नाही. तिथे दाद आयुक्तांकडे किंवा आपले सरकार पोर्टलवर मागावी. मृत्यूचा दाखला वेळेत न मिळाल्यास २०१५ चा सेवा हक्क कायदा आहे. पैसे मोजून घेतलेली गाडी, पेटी, साहित्य, केटरर, खासगी रुग्णालय यांच्यासाठी ग्राहक आयोग खुला आहे. सेवा दिल्यावर बिल किंवा पावती न देणं ही २०१९ च्या कायद्यात स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पावती मिळाली नाही म्हणून तक्रार मरत नाही, उलट तोच एक मुद्दा होतो. तरी पुरावा हवाच. रोख देण्याऐवजी यूपीआयने द्यावं आणि शेऱ्यात ‘शववाहिका, सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) ते कदमवाडी’ असं लिहावं.

क्रम असा ठेवावा: आधी सेवा देणाऱ्याला लेखी कळवणं, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा आयोग. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. गाडी मुंबईची असली तरी कोल्हापूरच्या आयोगात चालते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. वकील लागतोच असं नाही. ज्या ग्राहकाने पैसे दिले तोच गेला असेल तर त्याचे कायदेशीर वारस तक्रार करू शकतात.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. रुग्णालयातल्या मृत्यूची खबर रुग्णालयाने द्यायची, घरच्या मृत्यूची कुटुंबाने. दाखल्याची पहिली प्रत मोफत. बँक, विमा, पेन्शन आणि सातबाऱ्यावरची वारस नोंद यांसाठी जादा प्रती एकदमच घ्याव्यात. नाव आधारवर आहे तसंच अक्षर न् अक्षर आलं आहे का, हे अर्ज देताना तिथल्या तिथे वाचून बघावं. ‘बाळासो’ आणि ‘बाळासाहेब’ हा कोल्हापूरकडचा फरक दुरुस्त करायला पुढे प्रतिज्ञापत्रं आणि महिने लागतात.